ऐंशी दिवसांचं खाणं

"कुत्र्याचं खाणं आहे का गाडीत?" काचेच्या खोपटातल्या अधिकाऱ्यानं विचारलं.

"आहे थोडंसं," मी म्हणालो.

मागच्या सीटवर बुंदीला मांडीशी घेऊन बसलेले अण्णा खाकरले. मी आरशात पाहिलं, तर ते खिडकीतून खालच्या नदीकडे बघत होते.

"थोडंसं म्हणजे किती?"

"चार दिवसांपुरतं. बहिणीकडे चाललोय, मिसिसागाला. चार दिवसांनी परत."

पोरगेलासा होता तो. त्यानं आमचे कागद चाळले, बुंदीच्या लसीचा दाखला पाहिला आणि डिकी उघडायला सांगितली. मी बटण दाबलं. मागून डब्यांवर टिचक्या मारल्याचा आवाज आला, एकदा स्टीलवर, एकदा प्लास्टिकवर, पुन्हा स्टीलवर. परत आला तेव्हा त्याच्या हातात पिवळी चिठ्ठी होती.

"समोर गाडी लावा आणि आत जा. डबे घेऊन. कुत्र्यालाही घ्या."

मी घाबरलो, पण कॅनडाच्या सीमेवर जाताना कुणीही घाबरेल तसा नाही. माझ्या पोटात आधीच दोन आठवडे एक गोष्ट दडलेली होती, आणि ती फक्त मला, माझ्या बायकोला आणि बहिणीला माहीत होती. अण्णांना मी चार दिवसांसाठी नेत नव्हतो. त्यांना मी शैलाताईकडे ठेवायला चाललो होतो, आणि हे त्यांना सांगितलेलं नव्हतं.

आई गेल्यावर कागदपत्रं करून मी अण्णांना बार्शीहून पिट्सबर्गला आणलं, त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. आणताना मोठ्या तोऱ्यात आणलं. गावात सगळ्यांना सांगितलं की आता अण्णांनी फक्त आराम करायचा. पण आराम अण्णांना जमेना. दोनदा गॅस चालू ठेवून ते फिरायला गेले. एकदा थंडीत बुंदीला घेऊन निघाले आणि आमच्या त्या एकसारख्या घरांच्या गल्ल्यांत वाट चुकले. पोलिसांनी दोघांना गाडीत घालून घरी आणलं. माझी बायको प्रज्ञा हॉस्पिटलात नोकरीला, तिच्या पाळ्या बदलत्या. माझं काम असं की महिन्यातले दहा दिवस मी बाहेरगावी. घरात कुणी वाईट नव्हतं, कुणी कुणाला टाकून बोलत नव्हतं. पण संध्याकाळी गॅरेजमध्ये गाडी लावल्यावर मी दहा-दहा मिनिटं आतच बसून राहायला लागलो होतो. आत जायचा कंटाळा यायचा. स्वतःच्या बापाचा कंटाळा येतो हे कबूल करायला माझी जीभ आजही अडखळते, पण तेव्हा तसं होतं खरं.

शैलाताई म्हणाली, "आण माझ्याकडे. मी घरातच असते. सहा महिने राहू देत, मग बघू."

अण्णांना आधी सांगायचं नाही ही अक्कल मात्र माझी. सांगितलं असतं तर ते "बरं" म्हणाले असते. आयुष्यभर तेवढंच म्हणत आले. तो "बरं" माझ्याच्यानं ऐकवला नसता. त्यापेक्षा तिथं पोचल्यावर चार दिवसांनी, निघता निघता म्हणायचं, राहा की आणखी थोडे दिवस. तोवर ताईच्या मुलांनी त्यांना लळा लावलेला असेल, असा हिशेब.

आणि बुंदी त्यांच्याबरोबर जाणार होती. बारा वर्षांची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपक्यांची आमची कुत्री. तिची मूत्रपिंडं थकली होती. डॉक्टरांनी लिहून दिलेलं एकच कोरडं खाणं तिला चालायचं, राखाडी गोळ्यांसारखं, खोक्याच्या पुठ्ठ्याचा वास येणारं. ते ती भांड्यातून खायची नाही. अण्णा फरशीवर मांडी घालून बसत, कोमट पाण्यात चार-चार गोळ्या भिजवत आणि तळहातावर ठेवून तिला भरवत. अर्धा तास लागायचा. प्रज्ञा म्हणाली, दोघं एकमेकांना धरून आहेत, तोडू नकोस. मीही मान डोलावली. पण खरं बोलायचं तर दोघांची सोय एकदमच लागत होती, आणि मला हायसं वाटत होतं.

कॅनडात नवीन डॉक्टर गाठून चिठ्ठी मिळेपर्यंत तिचे हाल नकोत म्हणून मी त्या खाण्याच्या चार-चार किलोच्या चार पिशव्या आणल्या आणि गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली लपवल्या. निघायच्या दोन दिवस आधी कामावरून आलो, तर अण्णा गॅरेजच्या फरशीवर बसलेले. पुढ्यात सहा डबे ओळीनं मांडलेले. तीन पिशव्या रिकाम्या करून झाल्या होत्या, चौथीला डबा उरला नव्हता म्हणून ती तशीच राहिली होती.

आमच्या घरात पुड्यात काही राहत नाही. रवा, साखर, शेंगदाणे, धुण्याची पावडर, सगळं दुकानातून आलं की डब्यात जातं. आईची ही शिस्त, आणि आई गेल्यावर अण्णांनी ती जास्तच कडक केली होती.

"पिशव्या गाडीत फुटतात," ते म्हणाले. "वास मारतो. डब्यात बरं."

"आणि पिशव्या?"

"घडी घालून टाकल्या कचऱ्यात. गाडी येऊन गेली."

पिशव्यांचं मला काहीच वाटलं नाही. मला भीती होती ती पुढच्या प्रश्नाची, की एवढं कशाला रे. मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण प्रश्न आलाच नाही. अण्णांनी झाकणं दाबून बसवली, हात झटकले आणि आत गेले. सुटलो म्हणून मी सुस्कारा सोडला.

आता हा माणूस कोण, तर बार्शी नगरपालिकेच्या जकात नाक्यावर एकतीस वर्षं नोकरी केलेला. गावात येणाऱ्या मालावर तेव्हा जकात घ्यायचे, आणि ती चुकवायला लोक काय काय करायचे. कडब्याखाली साबणाची खोकी, नवरीच्या ट्रंकेत साड्यांचे गठ्ठे. अण्णा म्हणायचे, ड्रायव्हर काय बोलतो ते ऐकायचं नाही, गाडीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, किती दबलेत ते बघायचं. लहानपणी मी त्यांच्याबरोबर नाक्यावर जायचो तेव्हा त्यांनी नुसत्या नजरेनं पकडलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्या माणसानं स्वतःच्या हातांनी बारा किलो खाणं डब्यांत ओतलं, चार किलो उरलेलं पाहिलं, आणि त्याला काही प्रश्न पडला नाही, असं मी खरोखर समजून चाललो. माणूस स्वतःच्या सोयीपुरता इतका भोळा होतो.

निघायच्या दिवशी सकाळी ते गाडीच्या मागे उभे राहिले होते.

"मागून बसलीय गाडी," ते म्हणाले.

"सामान आहे, अण्णा."

"हं," म्हणाले आणि बुंदीला उचलून आत बसले.

तर आता ते सहा डबे आणि एक पिशवी हातगाडीवर ढकलत मी त्या सरकारी खोलीत शिरलो. मागे अण्णा, त्यांच्या हातात बुंदीचा पट्टा. टेबलामागे पन्नाशीच्या एक बाई होत्या, करडे केस मागे बांधलेले, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी अण्णांना खुर्ची दाखवली, बुंदीसाठी वाटीत पाणी आणून ठेवलं आणि मग एक-एक झाकण उघडून बघितलं.

"हे कुत्र्याचं खाणं?"

"हो. औषधी आहे. डॉक्टरांनी दिलेलं."

"मूळ पिशवी कुठाय?"

"टाकून दिली."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मग हे कुठल्या कंपनीचं, कशाच्या मांसाचं, कुठं बनवलेलं, हे मी कशावरून समजायचं?"

बाई एका स्टीलच्या डब्यावर वाकल्या. झाकणाखाली कोरलेली अक्षरं होती.

"हे काय लिहिलंय? हे लेबल आहे का?"

"नाही. ते माझ्या लग्नात आलेल्या भेटीवरचं नाव आहे. मामांचं."

त्या हसल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "पिशवीत असतं तर मी जाऊ दिलं असतं. उघड्या डब्यातलं मला सोडता येत नाही. ही एक पिशवी बंद आहे, लेबल आहे, ही न्या. बाकीचं इथं टाकावं लागेल."

"चालेल," मी लगेच म्हणालो. एवढ्यावर निभावतंय म्हणून मला बरं वाटलं. पण बाई कागदाकडे बघत होत्या.

"तुम्ही बाहेर चार दिवस सांगितलंत."

"हो."

"कुत्र्याचं वजन किती?"

"बारा किलो."

"म्हणजे तिच्या वजनापेक्षा जास्त खाणं तुम्ही चार दिवसांसाठी नेताय."

"एकदम घेतलं की... म्हणजे घरी ठेवायला जागा नव्हती म्हणून," मी काहीतरी बोललो. माझं मलाच ते इतकं पोकळ वाटलं की पुढचे शब्द मी गिळले.

"कुत्र्याला कॅनडात ठेवून जाणार आहात का?"

"नाही."

"खरं सांगा. ठेवायला बंदी नाही, पण मला खरं कळलं पाहिजे. इथं खोटं बोललात तर मी सगळ्यांनाच परत पाठवू शकते."

"नाही, चार दिवसच," मी म्हणालो. एकदा तोंडातून गेलेलं बदलायला मी धजावलो नाही. ते अण्णांसमोर बदलायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्या अण्णांकडे वळल्या. "सर, तुम्ही यांचे वडील ना? तुम्ही किती दिवस राहणार आहात?"

मी निर्धास्त होतो. अण्णा खोटं बोलणार नाहीत, पण त्यांना खरं माहीतच नाही. ते चार दिवस म्हणणार आणि आम्ही सुटणार.

अण्णा उठून उभे राहिले. साहेबासमोर उभं राहावं तसे, कोटाचं बटण लावून. त्यांचं इंग्रजी नगरपालिकेच्या टिपणांमधलं. एकेक शब्द ठेवून ते बोलायला लागले.

"मॅडम, मी ऑक्ट्रॉय इन्स्पेक्टर होतो. एकतीस वर्षं. तुम्ही देशाच्या दारात आहात, मी गावाच्या दारात होतो. काम हेच."

बाईंनी मान हलवली.

"हा माल मी स्वतः भरला. एकूण सोळा किलो. कुत्री रोज दोनशे ग्रॅम खाते. म्हणजे ऐंशी दिवस." त्यांनी बुंदीकडे बोट दाखवलं. "चार दिवस माझ्या मुलाचे. बाकीचे कुत्रीचे आणि माझे."

माझे कान तापले.

"तुम्हाला हे यांनी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"नाही. मला मालावरून समजलं." मग माझ्याकडे न बघता त्यांनी पुढचं वाक्य जोडलं. "पण यात चोरी नाही, मॅडम. तसं लिहू नका. त्याला सांगता आलं नाही, एवढंच."

मला वाटलं, त्यांनी चारचौघांत मुस्काटात मारली असती तर मी ती आनंदानं खाल्ली असती. माझी बाजू घेत होते ते. मला वाचवत होते. मी खाली बघत राहिलो. बुंदी त्यांच्या बुटावर हनुवटी टेकून पडली होती.

मग बाईंनी जो प्रश्न विचारला तो त्यांच्या कामातलाच असणार, रोज कुणाला ना कुणाला विचारत असतील.

"सर, तुम्हाला स्वतःला तिथं राहायचं आहे का?"

दीड वर्षात हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नव्हता. बार्शीहून निघतानाही नाही. मी तिकीट काढून मग फोन केला होता.

प्रश्नाचीच सवय नसल्यासारखे अण्णा आधी माझ्याकडे बघायला लागले, मग बाईंकडे.

"लेकीला भेटायचंय," ते म्हणाले. "नातवंडांना बघायचंय. चार दिवस पुरे. मग परत जायचंय, याच्या घरी." आणि मग हळूच म्हणाले, "यानं नेलं तर."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही नेणार आहात?"

मी अण्णांकडे बघून म्हणालो, "अण्णा, आपण परत जाऊ. चार दिवसांनी. बरोबरच."

"मला इंग्रजीत सांगा," बाई म्हणाल्या. "मला लिहायचंय."

मी इंग्रजीत सांगितलं. सरकारी बाईसमोर, पूर्ण नावानिशी. चार दिवसांनी मी माझ्या वडलांना घरी घेऊन जाणार आहे.

"कुत्र्यालाही?"

"दोघांनाही."

त्यांनी लिहून घेतलं. त्यानंतर अण्णा आमच्याकडे पाच वर्षं राहिले, शेवटपर्यंत. सोपं नव्हतं. गॅस आणखी तीनदा चालू राहिला. मी चिडलो, ओरडलो, एकदा जेवणावरून उठून गेलो. प्रज्ञानं पाळ्या बदलून घेतल्या, मी बाहेरगावची कामं सोडली आणि त्यामुळे जी बढती मिळायची ती मिळाली नाही, याचं मला बरेच दिवस वाईट वाटत राहिलं. हे सगळं झालं. पण त्या टेबलापाशी दिलेला शब्द मोडायची माझी छाती झाली नाही.

तेव्हा मात्र आम्हाला आधी डबे रिकामे करायचे होते. कोपऱ्यात मोठं पिंप होतं. अण्णांनी आणि मी मिळून एकेक डबा त्यात उपडा केला. बारा किलो गोळ्या खडखडत गेल्या. अण्णांनी प्रत्येक डबा हातानं आतून पुसला, झाकण लावलं आणि डबे एकावर एक रचले. बाईंनी पिशवीवर सही केलेली चिठ्ठी चिकटवली, बुंदीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आम्हाला जा म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवली. पुलावरून येणाऱ्या गाड्यांची रांग चालू होती. मी निघालो. दहा-बारा मैल गेले. शेवटी मलाच राहवलं नाही.

"अण्णा, तुम्हाला कळलं होतं तर विचारलं का नाही मला?"

ते बुंदीच्या कानामागे खाजवत राहिले.

"नाक्यावर गाडी थांबली की मी एकदम झडती घ्यायचो नाही," ते म्हणाले. "आधी ड्रायव्हरला टपरीवर न्यायचो. चहा पाजायचो. चहा संपेपर्यंत पुष्कळ जण आपणहून सांगून टाकायचे, साहेब, खाली दोन खोकी आहेत म्हणून. मग मीही ओरडायचो नाही. त्यांचाही मान राहायचा, माझाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मग काय, उतरवायचा माल."

मी समोर बघत गाडी चालवत होतो.

"परवा संध्याकाळी तुझ्यासाठी चहा केला मी," अण्णा म्हणाले. "कालही केला. दोन्ही दिवस तुझ्यासमोर बसलो. तू पिऊन उठलास."

मला समोरचं काही दिसेना. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. लाज वाटत होती आणि थांबवता येत नव्हतं. अण्णांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो तिथंच राहू दिला. समजूत घालायला गेले नाहीत.

"आता सांग," ते म्हणाले.

मग मी सांगितलं. गॅसचं, पोलिसांचं, प्रज्ञाच्या पाळ्यांचं, गॅरेजमध्ये बसून राहायचं, शैलाताईशी झालेल्या फोनचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा बुंदीला उतरवून पाणी पाजलं आणि परत येऊन बसले. ताईकडे पोचायला आम्हाला दोन तास उशीर झाला.